गणवेश उतरतो, सैनिक उरतो

(सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ सालापासून चालत आलेला हा प्रघात आहे. शाळांतून आणि कचेऱ्यांतून छोटे कागदी ध्वज वाटले जातात, डब्यात नाणी-नोटा पडतात, ध्वज खिशाला टाचला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो कुठे गळून पडला हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. हा निधी तोफा-बंदुकांसाठी नसतो. रणांगणावर देह ठेवलेल्यांची कुटुंबे, अपंगत्व पत्करून परतलेले जवान आणि सेवा पूर्ण केलेले माजी सैनिक यांच्यासाठी तो असतो. म्हणजेच हा दिवस सीमेवर उभ्या असलेल्या जवानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सीमेवरून घरी आलेल्या जवानाचा आहे.

सीमेवरच्या जवानाविषयी समाजाच्या मनात आदर असतो आणि तो खराही असतो. युद्धाच्या दिवसांत तो ओसंडून वाहतो. १९६५ मध्ये, १९७१ मध्ये, १९९९ च्या कारगिल युद्धात आणि मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या वेळीही देशाने हा उमाळा अनुभवला. प्रश्न त्यानंतरचा आहे. तोफा थंडावतात, वृत्तपत्रांचे मथळे बदलतात, तुकड्या छावण्यांत परततात आणि एके दिवशी तो जवान लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन गावच्या फाट्यावर उतरतो. त्या क्षणापासून पुढच्या चाळीस वर्षांचे काय?

लष्करी सेवा ही चार नोकऱ्यांतली एक नोकरी नव्हे. ती माणसाचे शरीर घडवते, मन घडवते, त्याच्या झोपेची वेळ, बोलण्याची ढब, माणसे पारखण्याची नजर घडवते; आणि काही गोष्टी मोडूनही ठेवते. जे घडले ते आयुष्यभर टिकते, जे मोडले तेही टिकते. या दोहोंपैकी काय वरचढ ठरणार, हे मात्र घरी आल्यावर समाज त्याच्या हाती काय ठेवतो यावर पुष्कळसे अवलंबून असते. आजच्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

ऐन मध्यान्ही निवृत्ती

मुलकी नोकरीतला माणूस साठीच्या आसपास निवृत्त होतो. तोवर मुलांची शिक्षणे झालेली असतात, घराचे हप्ते फिटलेले असतात. जवानाचे तसे नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी भरतीच्या मैदानावर धावलेला मुलगा शिपाई, नाईक, हवालदार अशा पायऱ्या चढत पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. सैन्याला तरुण शरीरे लागतात. ती सैन्याची गरज आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु या गरजेची किंमत जवानाचे कुटुंब मोजते. मोठी मुलगी दहावीला, धाकटा पाचवीत, आईवडील थकलेले, जमीन वाटेकऱ्याकडे, घराच्या भिंतींना गिलावा नाही, अशा वेळी पगाराची जागा निवृत्तिवेतन घेते. इतर क्षेत्रांतल्या माणसाची जेव्हा कुठे घडी बसू लागते, त्याच वयात याला आयुष्याचा श्रीगणेशा पुन्हा गिरवावा लागतो. एक-दोन नव्हे, वर्षाकाठी पन्नास-साठ हजार जवान अशा रीतीने घरी येत आले आहेत.

घरी आलेल्या या माणसाला समाज काम कोणते देतो? बहुतेक वेळा एकच, पहारेकऱ्याचे. काल ज्याने दहा जवानांची तुकडी बर्फात सांभाळली, ज्याने संदेशवहनाची नाजूक यंत्रे उणे तापमानात चालू ठेवली, ज्याने रणगाड्याचे इंजिन उघड्या माळावर उतरवून पुन्हा बसवले, तो आज एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावर मोटारींचे क्रमांक वहीत टिपत बसतो. कोणतेही काम हलके नसते, हे खरे. परंतु राष्ट्राने खर्च करून कमावलेले कौशल्य फाटकावर बसवून ठेवणे ही राष्ट्राचीच नासाडी आहे. 'हवालदारसाहेब' म्हणून ज्याला हाक मारली जात होती, त्याला 'ए वॉचमन' ही हाक ऐकावी लागते, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल याची कल्पना सज्जनांनी करावी.

निवृत्तिवेतनाचाही एक कडवट अध्याय होऊन गेला आहे. समान पद आणि समान सेवाकाळ असूनही आधी निवृत्त झालेल्याला कमी आणि नंतर निवृत्त झालेल्याला अधिक, अशी विषमता दशकानुदशके चालली. २०१५ साली पांढऱ्या केसांच्या माजी सैनिकांना छातीवर पदके लावून दिल्लीच्या जंतरमंतरवर बसावे लागले. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी 'समान पद, समान निवृत्तिवेतन' या तत्त्वाचा शासकीय आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून तो लागू झाला. मागणी मान्य झाली, हे समाधान आहे; पण ज्यांनी आयुष्यभर आज्ञा पाळली त्यांना हक्कासाठी रस्त्यावर यावे लागले, हे शल्यही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता याच प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम सेवेत घेण्याची तरतूद ठरली. उरलेले चार वर्षांनी सेवानिधीची रक्कम घेऊन, परंतु निवृत्तिवेतनाविना, समाजात परतावेत अशी ही रचना आहे. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची चार वर्षे केव्हा भरतात याचा हिशेब सोपा आहे. योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. परंतु बावीस-पंचवीस वर्षांचा, शिस्तीत घडलेला, हत्यार हाताळलेला तरुण गावात परतल्यावर त्याला कोणी जवळ केले आणि कोणत्या कामाला लावले, याचे उत्तर एकट्या सरकारने द्यायचे नाही.

शरीर विसरत नाही

तोफखान्यात उमेद घालवलेल्या माणसाला उतारवयात कमी ऐकू येते. घरातली मंडळी म्हणतात, आबा फार मोठ्याने बोलतात, नातवंडे हसतात. पण तो आवाज हजारो गोळ्यांच्या स्फोटांनी कानांवर ठेवलेली खूण असते. छत्रीधारी सैनिकाचे गुडघे चाळिशीतच कुरकुरू लागतात. १९८४ च्या एप्रिलपासून भारतीय जवान सियाचीनवर पाय रोवून उभे आहेत. तिथल्या हिमदंशाने कुणाची बोटे नेली, कुणाच्या फुप्फुसांचे बळ नेले. असा माणूस गावात धडधाकट दिसतो, चालतो, बोलतो. पण थंडीची पहिली झुळूक आली की त्याचे शरीर त्याला मागचा सारा हिशेब वाचून दाखवते.

काहींच्या वाट्याला याहून दारुण प्रसंग येतात. १९७१ च्या युद्धात बांगलादेशच्या भूमीवर पाचव्या गोरखा रायफल्सचे एक तरुण अधिकारी, मेजर इयान कार्डोझो, सुरुंगावर पाय पडून जखमी झाले. जन्माने मुंबईकर असलेल्या या अधिकाऱ्याने चिंधड्या झालेला आपला पाय स्वतःच्या खुकरीने छाटला. ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण कथेचा खरा बोधप्रद भाग त्यापुढचा आहे. लाकडी पाय लागलेल्या अधिकाऱ्याने कचेरीत बसावे, अशीच सर्वसाधारण अपेक्षा होती. कार्डोझो यांना ते मान्य नव्हते. शारीरिक क्षमतेच्या कसोट्यांना धडधाकट अधिकाऱ्यांच्या बरोबरीने सामोरे जाऊन त्यांनी आपला दावा सिद्ध केला आणि पायदळाच्या पलटणीचे नेतृत्व करणारे ते भारतीय सेनेतील पहिले युद्ध-अपंग अधिकारी ठरले. पुढे मेजर जनरल पदापर्यंत चढून निवृत्त झाल्यावर त्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले. खुकरीचा घाव काही क्षणांचा होता; 'मला काम द्या' हा आग्रह मात्र आयुष्यभराचा. थोर कोणते, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

मणक्याची जखम आणि एका वैद्याची दृष्टी

पाय गमावणे वेगळे आणि पाठीच्या कण्यात गोळी शिरणे वेगळे. मज्जारज्जू तुटला की त्या खालच्या साऱ्या शरीराचा मेंदूशी असलेला संबंध तुटतो. हालचाल जाते, संवेदना जाते, मलमूत्रावरचा ताबा जातो. संवेदना नसल्याने एकाच कुशीवर पडून राहिलेल्या देहाला जखमा होतात, त्या चिघळतात. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा रुग्णाचे आयुष्य बहुधा काही महिन्यांचे मानले जाई. डॉक्टरही हात टेकत.

ही निराशा मोडून काढली लुडविग गुटमन या वैद्याने. नाझी जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडमध्ये आलेल्या या ज्यू डॉक्टराकडे १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथील नव्या मज्जारज्जू-उपचार केंद्राची धुरा आली. त्यांनी केलेल्या गोष्टी वरकरणी साध्या होत्या. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, रात्रीसुद्धा. स्वच्छतेचे नियम काटेकोर पाळायचे. आणि तो बसता झाला की त्याला नुसते बसू द्यायचे नाही. हाताला काम द्यायचे, खेळ द्यायचा. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना, गुटमन यांनी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आज ज्या पॅरालिंपिक स्पर्धा जग कौतुकाने पाहते, त्यांचा उगम या सोळा जखमी सैनिकांपाशी आहे. खेळ हे त्यांच्यासाठी मनोरंजन नव्हते. आपण अजून कुणाशी तरी सामना देऊ शकतो, या प्रत्ययाचे ते औषध होते.

सदतीस सेकंद आणि त्यापुढची वर्षे

या औषधाचा गुण महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने जगाला दाखवून दिला. सांगली जिल्ह्याच्या मातीतले, कुस्तीच्या आखाड्याची ओढ असलेले मुरलीकांत पेटकर कोवळ्या वयात सैन्यात दाखल झाले. विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात, म्हणजे जवानांच्या भाषेत ईएमईमध्ये, ते कारागीर पदावर होते आणि सिकंदराबादला मुष्टियुद्धात चमकले होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. मणक्याला इजा झाली. मुष्टियोद्ध्याचे पाय कायमचे गेले.

दीर्घ रुग्णालयवासात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. जमिनीवर जे शरीर ओझे झाले होते, त्याला पाण्याने हलके केले. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे साधना बनले. १९६८ साली तेल अविव येथील पॅरालिंपिकमध्ये भारताने प्रथमच भाग घेतला, त्यात पेटकर टेबल टेनिस खेळले. आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त शैलीच्या पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत भालाफेकीसह आणखी तीन प्रकारांत ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होते. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताच्या खेळाडूने वैयक्तिक प्रकारात मिळवलेले हे पहिलेच सुवर्ण होते. पॅरालिंपिकमधील दुसऱ्या सुवर्णासाठी देशाला २००४ साली अथेन्समध्ये देवेंद्र झाझरिया यांच्या भाल्याची, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षे, वाट पाहावी लागली. अभिनव बिंद्रा यांचे ऑलिंपिक सुवर्ण तर २००८ चे.

यानंतर काय घडले? देशाने पेटकरांना डोक्यावर घेतले काय? नाही. पुण्याच्या टेल्कोमध्ये त्यांना नोकरी मिळाली आणि त्यांनी ती इमानाने केली. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्या मोजक्या सहृदयांनी अपंग खेळाडूंना हात दिला होता. परंतु सार्वजनिक स्मृतीतून हे सुवर्णपदक जणू पुसलेच गेले. पद्मश्री किताब आला तो २०१८ साली, म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'चंदू चँपियन' हा चित्रपट निघाला तेव्हा घरोघरी हे नाव कळले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला तो जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती.

या चरित्राकडे दोन प्रकारे पाहता येते. एक, उपेक्षेची कहाणी म्हणून. ती तशी आहेच, आणि तिची लाज वाटली पाहिजे. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर मधल्या त्या निनावी वर्षांत हा माणूस मोडला नाही, हे त्याहून मोठे आहे. किताब नसताना, टाळ्या नसताना, पायांत बळ नसताना त्यांना उभे ठेवले ते कशाने? सकाळी उठून जायला एक ठिकाण होते, करायला काम होते, संसार होता, आणि सैन्याने अंगात मुरवलेली न हरण्याची सवय होती. किताबांना उशीर झाला तरी माणूस तगतो. कामाला उशीर झाला तर तगत नाही.

पुण्याच्या वेशीवरची तीन तीर्थे

पुणेकरांनी मुलाबाळांना घेऊन आवर्जून पाहाव्यात अशा तीन संस्था त्यांच्या शेजारीच आहेत. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे खडकीत स्थिरावलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही पहिली. जखमी जवानाला नुसते निवृत्तिवेतन देऊन भागत नाही, त्याच्या हाताला नवे कौशल्य द्यावे लागते, हा विचार तिच्या मुळाशी आहे. दुसरी, १९४४ साली स्थापन झालेले कृत्रिम अवयव केंद्र. इथे सैनिकांबरोबरच सामान्य नागरिकांनाही कृत्रिम हातपाय मिळत आले आहेत. युद्धाने शिकवलेली विद्या शेतात यंत्रात हात सापडलेल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडते, हे सैन्याचे समाजावरचे न मोजलेले ऋण आहे.

तिसरी संस्था खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. १९७४ पासून मज्जारज्जूच्या इजेने जखडलेल्या जवानांचे हे घर आहे. काहींचे कमरेखालचे, काहींचे मानेखालचे शरीर निकामी. यातले सगळेच युद्धात जखमी झालेले नसतात. कुणी डोंगरी रस्त्यावर वाहन उलटून, कुणी सरावात पडून इथवर आलेले. वय मात्र बहुतेकांचे इथे येताना विशी-तिशीचे. येथे चाकांच्या खुर्चीत बसून खेळ खेळले जातात, आणि हात हलत नाहीत ते दातांत कुंचला धरून चित्रे काढतात. पाहुणे भारावून जातात, डोळे पुसतात. ते स्वाभाविक आहे. परंतु वर्षातून एकदा डोळे पुसून जाणाऱ्या शंभर पाहुण्यांपेक्षा दर आठवड्याला येऊन बुद्धिबळाचा एक डाव मांडणारा, आणि हरल्यावर प्रामाणिकपणे चिडणारा, एक मित्र अशा माणसाला अधिक मोलाचा असतो.

न दिसणारी जखम

आतापर्यंत ज्या जखमांची चर्चा झाली त्या दिसणाऱ्या होत्या. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांना कापरे भरे, वाचा जाई, झोपेत किंकाळ्या फुटत. त्याला तोफगोळ्याचा धक्का असे नाव पडले, आणि कित्येकांना भेकडही ठरवण्यात आले. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अनुभवानंतर, १९८० साली, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी या आघातोत्तर तणावाला अधिकृत विकाराचा दर्जा दिला. शूर माणसाच्या मनालाही जखम होते आणि त्यात त्याच्या शौर्याला उणेपणा नाही, हे मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

मराठी घरांत या जखमेला नावच नसते. दिवाळीत फटाक्यांची माळ लागली की वडील मागच्या खोलीत जाऊन बसतात. रात्री दोनदा उठून दाराची कडी तपासतात. बसमध्ये नेहमी दाराकडे तोंड करून बसतात. गेलेल्या सोबत्याचे नाव निघाले की ताटावरून उठतात. मुलांना वाटते, बाबा कठोर आहेत. शेजाऱ्यांना वाटते, फौजी डोक्याचा तिरसट आहे. पत्नीला मात्र सारे कळत असते आणि ती ते कुणाला सांगत नाही. तिचीही एक लष्करी सेवाच झालेली असते. नवरा दूर असताना सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांचे प्रवेश, शेतीचे तंटे, बँकेची कामे तिने एकटीने निभावलेली असतात. आता तो कायमचा घरी आल्यावर त्या सत्तेची नव्याने वाटणी होते, आणि ती वाटणी सोपी नसते. ज्याला आज्ञा देण्या-घेण्याची सवय, त्याला घरात मात्र चर्चा करावी लागते. दोघांनाही पुन्हा एकमेकांची ओळख करून घ्यावी लागते. या काळात घरच्यांनी धीर धरला तर दोन-तीन वर्षांत घडी बसते. नाही धरला, तर बाटली जवळची वाटू लागते. कुणी माजी सैनिक रात्र-रात्र झोपत नसेल, तर त्याला 'तू तर फौजी, तुला कसली भीती' असे न म्हणता डॉक्टरांकडे नेले पाहिजे. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली आहे. तिचा लाभ गुडघ्यासाठी घेतात तसाच मनासाठीही घ्यावा.

गावाकडे परतलेला शिपाई

सैन्याची शिस्त गावाच्या कामी येते तेव्हा काय घडते, याचे सर्वपरिचित उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे. अण्णा हजारे १९६३ साली सैन्यात भरती झाले, वाहनचालक होते. १९६५ साली खेमकरण क्षेत्रात त्यांच्या भोवतालचे सोबती मारले गेले आणि ते वाचले. आपण का वाचलो, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. असा प्रश्न पडलेला माणूस एकतर खचतो, किंवा उरलेले आयुष्य कशाला तरी वाहून टाकतो. १९७५ मध्ये ते सेवा आटोपून गावी आले, यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पदरचा पैसा घातला आणि पाणी अडवण्याच्या, श्रमदानाच्या, दारूबंदीच्या कामाला लागले. दुष्काळी गाव हिरवे झाले.

या उदाहरणातला एक इशाराही नजरेआड करू नये. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून सैन्यातल्या पट्ट्याने मारल्याचे अण्णांनी स्वतःच सांगितलेले आहे, आणि त्यावर टीकाही झाली. छावणीची शिस्त गावाला जशीच्या तशी लावता येत नाही. गाव ही पलटण नसते. तिथे माणसे आज्ञेने नव्हे, पटल्याने चालतात. परत आलेल्या सैनिकाला हे शिकावे लागते, आणि गावालाही त्याच्याकडून वेळ पाळणे, शब्द पाळणे, सार्वजनिक वस्तू आपली मानणे शिकावे लागते. ही देवघेव जिथे झाली तिथे दोघांचेही भले झाले.

साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे शेहेचाळीस जवान कामी आले आणि तरीही पिढ्यान्पिढ्या तिथली मुले सैन्यात जात राहिली. अशा गावात परतलेला सैनिक एकटा पडत नाही, कारण पारावर बसलेल्या प्रत्येकाला त्याचे मौन समजते. प्रश्न आहे तो शहरांचा, जिथे सैन्याशी नाते बहुधा दूरदर्शन संचापुरतेच उरले आहे.

शिवछत्रपतींची रीत

या मातीला हे नवे नाही. अफजलखानाच्या पारिपत्यानंतर शिवाजी महाराजांनी काय केले, याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत सांभाळले. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या पत्नींना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. विजयाच्या जल्लोषात हा हिशेब विसरला गेला नाही, हे महत्त्वाचे. 'जखम पाहून' हा बारकावा तर विशेष मनन करण्याजोगा. प्रत्येक जखम वेगळी, तिची गरज वेगळी. सरसकट हार-तुरे घालून कर्तव्य संपत नाही, हे त्या राजाने साडेतीनशे वर्षांपूर्वी जाणले होते.

आपापल्या अंगणात

मग करायचे काय? मोठ्या घोषणांची आवश्यकता नाही. आपल्या वस्तीत, आपल्या गावात माजी सैनिक किती, याची साधी यादी प्रथम करावी. पुष्कळ ठिकाणी ती कुणापाशीच नसते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे हे माहीत करून घ्यावे आणि एखाद्या वीरपत्नीचे कागद अडले असतील तर तिच्याबरोबर तिथे जावे, पुनःपुन्हा जावे. वकिलाने तिचा अर्ज लिहून द्यावा, लेखापालाने थकबाकीचा हिशेब मांडून द्यावा.

ज्यांचे कारखाने, दुकाने, शाळा, पतसंस्था आहेत त्यांनी माजी सैनिकाला फाटकावर बसवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: तुम्ही सैन्यात नेमके काय करत होता? उत्तर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कुणी भांडारपाल निघेल, कुणी यंत्रज्ञ, कुणी परिचारक, कुणी शंभर माणसांचा रोजचा स्वयंपाक घड्याळाच्या काट्यावर उरकणारा. शाळांनी त्याला २६ जानेवारीला ध्वजवंदनासाठी बोलवावे, पण मैदानावर मुलांना घडवण्यासाठी वर्षभर बोलवावे. आणि चार वर्षे करून परतणाऱ्या अग्निवीराला शिक्षण पुरे करण्यासाठी, व्यवसायाचा पहिला गाळा मिळण्यासाठी हात द्यावा. तो हात योग्य माणसांनी योग्य वेळी दिला नाही, तर अयोग्य माणसे द्यायला टपलेली असतात.

माजी सैनिकांनाही एक नम्र विनंती आहे. आपल्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे, ते पेटीत बंद ठेवू नये. पदकांची कथा सांगायला संकोच वाटत असेल तर ती राहू द्यावी. पण पहाटे उठण्याची, नकाशा वाचण्याची, जखमीला उचलण्याची, संकटात आवाज न चढवता बोलण्याची विद्या पुढच्या पिढीला द्यावी. राष्ट्राने आपल्याला गणवेश दिला तो परत घेतला. ही विद्या मात्र परत मागितलेली नाही. ती आपली आहे, आणि आपल्या गावाला तिची गरज आहे.

भारत माता की जय!